कुलपाला घातलेली आंघोळ

अण्णा, तुमच्या शोकसभेत एकजण म्हणाला, आष्टीत संगणकावर गणित आणलं ते सरांनी. हसू दाबायला मी रुमाल तोंडाला लावला, तर लोकांना वाटलं, पोरगा रडतोय.

तुम्ही आणलं होतं ते गणिताच्या सॉफ्टवेअर पॅकेजचं एक परदेशी खोकं. बाजार नुकताच खुला झालेला. जे महाग आणि बाहेरचं ते चांगलं, एवढीच गणिताच्या विभागप्रमुखांची, म्हणजे तुमची, पारख. खोकं कॉलेजात काचेच्या कपाटात. आणि त्याचं डोंगल, म्हणजे संगणकामागं प्रिंटर जोडायच्या खोबणीत बसवायचं प्लास्टिकचं कुलूप, ज्याच्याशिवाय पॅकेज उघडतच नाही, ते चोरीच्या भीतीनं आपल्या देवघरात. खंडेनवमीला तुम्ही ते पाटावर मांडलंत, माझ्या स्क्रूड्रायव्हरशेजारी. आईनं देवांबरोबर त्यालाही दूधपाण्यानं आंघोळ घातली आणि तुम्ही समोर हात जोडून बसलात. त्यानंतर पॅकेज उघडेना. प्राचार्यांना तुम्ही सांगितलंत, दमट हवेनं बिघडलं. दुष्काळी आष्टीत, दमट हवा.

प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. बसस्टँडसमोरच्या माझ्या क्लासात मासिकासोबत आलेल्या सीडीवरचा फुकट प्रोग्राम चालत होता. तीच समीकरणं सोडवायचा, तेच आलेख काढायचा, वर त्याचा सगळा कोड उघडा. तो मी कुणाकडून शिकलो नाही, मॅन्युअल वाचून शिकलो. म्हटलं, कॉलेजातल्या सगळ्या मशिनींवर टाकून देतो, नाहीतर पोरं एकही बटण न दाबता पास होतील. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "फुकट मिळतंय म्हंजी कुणीतरी टाकून दिलेलं हाय, लेका." आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूनं आलेख काढलात. पोरांनी तो वहीत उतरवला. त्याला तुम्ही प्रात्यक्षिक म्हणायचं ठरवलंत.

मग एका दुपारी तुम्ही क्लासात आलात. खिशातून कागद काढलात: एक चिवट मॅट्रिक्स, हातानं करताना दशांश जरा हलला की सगळं उत्तर कोसळणारा. मला अडकवायलाच आणलेला. मी आकडे टाकतोय, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावता, एकेक आकडा कागदाशी ताडता. "उत्तर बरोबर हाय," म्हणता. आणि उठता उठता, "पण ह्याची पावती कुठंय? कॉलेजात नोंद कशाची करू?"

पावती नाही म्हणून गणित नाही. मेलेलं खोकं कपाटात राहिलं, आणि ज्यांना शिकायचं होतं ती पोरं पायऱ्या चढून माझ्याकडं येत राहिली.

ही पावतीची गोष्ट मी जाईन तिथं सांगतो, तुमचा आवाज काढून. लोक पोट धरून हसतात. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो: सांगताना पावतीच्या आधीचं तुमचं वाक्य, "उत्तर बरोबर हाय," मी गाळतो. ते मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नाही.