आईची कूस कोणी बदलली

मी, खाली सही करणारा, वय चौपन्न, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, लग्न नाही, मूलबाळ नाही, पूर्ण शुद्धीवर असून व कोणाच्याही दडपणाखाली नसून (लाजेला दडपण धरत नसतील तर) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. परदेशी निघालेल्या प्रत्येक मिशनऱ्याने आधी असा कागद करून द्यावा, असा आमच्या मिशन कमिटीचा नियम आहे. मंगळवारी माझे विमान आहे. तब्येत ठणठणीत आहे, मरायची घाई नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची मोरी, माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला मिळावे. वडिलांनी ते माझ्या नावावर केले, कारण मी मुलगा. ‘देतो’ असे लिहिणार होतो, पण हात धजला नाही. राहते तीच, सारवासारव करते तीच, माझीसुद्धा. बँकेत असेल तेही तिलाच.

२. दुकानातली हत्यारे, तेलाच्या कुप्या व सुट्ट्या भागांचे डबे शेजारच्या टेलरमास्तरांना. मोठा पेचकस यात धरलेला नाही. तो सहा वर्षांपूर्वी त्यांनी “आत्ता आणून देतो” म्हणून नेला. तो आता त्यांचाच समजावा, पण मी विसरलो नव्हतो एवढे त्यांना कळावे.

३. आता जे लिहायला चार कागद फाडले ते.

मिशनरी निवडताना चर्चमध्ये सगळ्या मंडळीपुढे उभे राहून साक्ष द्यावी लागते. प्रभूने आपल्याला सेवेला कसे बोलावले, ते सांगायचे. माझ्याआधीच्या दोघांनी लोकांना रडवले. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते आणि जीभ सुटली. म्हणालो, आई अडीच वर्षे अंथरुणाला खिळून होती, मी तिला भरवले, पुसले, दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही, आणि तिथेच मला हाक ऐकू आली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. हे सगळे ताईने केले होते. मी दुकानामागच्या खोलीत राहायचो, रविवारी फळे घेऊन घरी जायचो आणि वास सहन होत नाही म्हणून दारातच बसायचो.

ताई चौथ्या बाकावर होती. घरी गेल्यावर जेवण वाढताना एवढेच म्हणाली, “एकही जखम नाही म्हणालास. झाल्या होत्या रे. दोन.”

मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी मी तोंड उघडले नाही. पुढच्याच आठवड्यात कमिटीचे पत्र आले. माझी साक्ष ऐकून त्यांनी मला अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमावर नेमले आहे. चाळीस खाटा! मशीनची सुई सोडली तर मी आयुष्यात काही बदललेले नाही.

पत्र वाचून ताई आईच्या खाटेवर जाऊन आडवी झाली. “चल, बदल माझी कूस. गुडघा आधी वाकव. खांद्याला ओढू नकोस, आई ओरडायची. शिकून तरी जा, बाबा. त्या म्हाताऱ्यांनी तुझं काय बिघडवलंय?” रोज संध्याकाळी ती मला शिकवते. तिची स्वतःची कंबर धरलेली असते. ती रागावली असती तर बरे झाले असते.

४. मृत्युपत्र आपल्यामागे उघडतात. मेल्यावर खरे बोलायला काय जाते? तेव्हा लाजायला मी नसेन. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, असे वकील म्हणाले. तरी पाळकसाहेबांनी वाचूनच सही करावी, अशी मी विनंती करतो. मंडळीला काय सांगायचे ते त्यांनी ठरवावे. मला धीर नाही.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १२ मार्च, गुरुवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: टेलरमास्तर. न वाचता सही केली. (सही)

साक्षीदार २: मंडळीचा पाळक. दोनदा वाचले. मी मंडळीला काहीही सांगणार नाही. तुझे तिकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. रविवारी उपासनेत उभा राहा, ताईचे नाव घेऊन बोल, आणि मग मागायला ये. (सही)