काठोकाठ पेला

नंदुरबार,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५
(कार्तिक अमावास्या. शुभकार्यास वर्ज्य दिवस. तथापि आता विलंब हाच अमावास्येहून अशुभ झाला आहे.)

चिरंजीव हेमकांत यास,

ज्येष्ठ बंधू नवनीत याचे आशीर्वाद. ते स्वीकारावेत की परत पाठवावेत, हा निर्णय तुझ्या अखत्यारीत आहे.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या वहिनीचे गुडघे पूर्ववत कुरकुरतात. शाळेत संस्कृत घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढून नऊ झाली असून त्यांपैकी चौघांना आपण संस्कृत घेतले आहे हे ठाऊकही आहे. तेरा महिन्यांनी पत्र लिहिणाऱ्याने आरंभी असे किरकोळ वृत्त द्यावे, असा संकेत आहे. तो पाळला.

आता मुख्य वृत्त. ते लिहिताना लेखणी किंचित नाचते आहे, तरी अक्षरास क्षमा असावी. आपल्या रंजिताचा विवाह ठरला. वर शहाद्याचा, नाव गोपाल, साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ. प्रथमभेटीत मी त्यास तीन श्लोक अन्वयासह ऐकवले. त्याने एकदाही जांभई दिली नाही. अशा सहनशील पुरुषाच्या हाती कन्या सोपवण्यास मजसारख्या पित्याने विचार तो कसला करायचा? साखरपुडा १४ डिसेंबरला, रविवारी.

परंतु कन्येने अट घातली. "जेवण नवापूरला काकांच्या हॉटेलात. काका स्वतः वाढतील. नाहीतर मी अंगठी घालून घेणार नाही."

मी पर्यायी स्थळांचा गंभीरपणे उच्चार केला.

"पप्पा, काकांना पत्र लिहा," ती म्हणाली. "फोन नको. फोनवर तुम्ही भाषण देता."

तेव्हा हे पत्र. तुझ्या उपाहारगृहाची मी विनाचौकशी निवड करतो आहे, असा मात्र ग्रह नसावा. 'मृद्वीका' हे नाव मीच दिले होते. अखिल नवापूर त्यास 'द्राक्षवालं हॉटेल' म्हणते, तरी तू पाटी उतरवली नाहीस, याची मी नोंद घेतली आहे. कोठून घेतली, हे सांगणे आता क्रमप्राप्त आहे.

गेल्या जुलैपासून दर बुधवारी मी सायंकाळच्या गाडीने नवापूरला येतो. बुधवारी तू नाशिकला माल आणण्यास जातोस, हे मला ठाऊक होते. कोपऱ्यातल्या मेजावर बसतो, प्राध्यापक विद्यानिधी हे नाव सांगतो, गळ्याला मफलर गुंडाळतो. घरी गीतापठण मंडळाचे कारण दिले होते. जुलैत मफलर बांधून गीता कोण म्हणते, असे तुझ्या वहिनीने पहिल्याच आठवड्यात विचारले आणि पुढे विचारणे सोडून दिले. तिचे मौन हे नेहमीच तिच्या ज्ञानाचे लक्षण असते.

हेमकांत, तुझ्या त्या आठ मेजांच्या दालनात मी जे पाहिले ते वर्णन केल्यावाचून राहवत नाही. सोनगढचे रेवजीभाई आणि त्यांच्या पत्नी विवाहाची पन्नाशी साजरी करण्यास आले होते; मुले, सुना, नातवंडे मिळून अकरा मंडळी. वृद्धाचा हात कापत होता. नाजूक दांडीचा काचपेला त्यांच्या बोटांत थरथरला, तेव्हा तुझा वाढपी करणसिंग याने काय करावे? त्याने केवळ त्यांचा पेला बदलला नाही. अकराही जणांचे पेले उचलून नेले आणि सर्वांपुढे बुटके, जाड बुडाचे पेले आणून ठेवले, जणू त्या दिवशीची तीच रीत होती. कोणास काही कळले नाही. मला कळले, आणि काही काळ भाजी तिखट असल्याचे सोंग करून डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या एका बुधवारी दलसिंग नावाचे गृहस्थ आले. लेक परिचारिका झाली होती, म्हणून तिला घेऊन आले होते. खाद्यपत्रिका त्यांनी उलटी-सुलटी करून पाहिली आणि पोरीला हळूच म्हणाले, "चल, वडापाव खाऊ." एवढ्यात तुझी स्वयंपाकीण गुलाबबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "दादा, घरी काय खाता?" उडदाची डाळ, नागलीची भाकर, असे उत्तर आले. अर्ध्या तासात तेच ताटात आले, शेजारी फिकट सोनेरी द्राक्षासव. दलसिंगांनी घोट घेतला, विचार केला आणि निर्णय दिला, "आंबट शे, पन डाळले शोभस." आजवर ऐकलेल्या समस्त रसग्रहणांत इतके नेमके रसग्रहण मी ऐकले नाही.

आणि माझे स्वतःचे आतिथ्य? इतरांच्या पेल्यांत वारुणी तळाशी, जेमतेम तिसरा हिस्सा. माझ्या पेल्यात मात्र काठोकाठ. प्रत्येक बुधवारी. उचलण्यापूर्वी मान खाली वाकवून, वासराने पाणी प्यावे तसा पहिला घोट घ्यावा लागे. हा माझ्या मुद्रेवरील विद्वत्तेचा प्रभाव असावा, असा मी निष्कर्ष काढला होता. सतरा बुधवार तो निष्कर्ष मी सुखाने बाळगला.

पेल्याचा विषय निघालाच आहे, तर तो टाळून पुढे जाणे भ्याडपणाचे होईल. गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या उद्घाटनाचा प्रसंग तुला स्मरतो. मलाही स्मरतो, जरी मी अनेकांना तो वेगळ्या प्रकारे सांगितला आहे.

रनाळ्याचे लोटनमामा पहिल्या मेजावर बसले होते. त्यांच्यापुढे तू तिसरा हिस्सा भरलेला पेला ठेवलास. मामांनी तो उजेडात धरला आणि मला विचारले, "भाचा, बाटली सरी गई का?" सगळे हसले. आपल्याकडे पंगतीत वाटी थोडी उणी राहिली तरी यजमानाची मान खाली जाते, हे तू जाणतोस. माझी गेली. मी तेव्हाच्या वाढप्याच्या हातून बाटली हिसकली आणि आठही मेजांवर फिरून प्रत्येक पेला काठापर्यंत भरला. मामांच्या शुभ्र धोतरावर भरला, असेही म्हणता येईल.

तू मोठ्याने बोलला नाहीस. जवळ येऊन म्हणालास, "दादा, खाली बस. हाई तुन्हं काम नही."

आणि मी चारचौघांत उत्तरलो की आपल्या बापाने आयुष्यात कुणाला उणे वाढले नाही, नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वीस वर्षे काढून तू मात्र कद्रू झालास. नंतर सर्व कुटुंबाला उठवून निघालो. रंजिताने हातातले ताट खाली ठेवले तेव्हा ती रडत होती. ते मी आजवर कोणास सांगितले नव्हते.

काल बुधवार. काल मी करणसिंगला अखेर विचारले, "वत्सा, सर्वांना तिसरा हिस्सा आणि मलाच काठोकाठ, हे कसे?"

तो गोंधळला. मग म्हणाला, "सर, वरची जागा वासासाठी ठेवतात. पेला हलवला की वास तिथं जमतो. पूर्ण भरला तर वास उडून जातो, नुसतं पाणी पिल्यासारखं होतं."

"मग माझे पाणी का केलेस?"

"मालकांचा हुकूम."

"मालक तर बुधवारी नाशिकला असतात."

त्याने मुदपाकखान्याच्या दाराकडे पाहिले. "जुलैपासून नाही जात, सर. आता मंगळवारी जातात. तुम्ही पहिल्यांदा आले त्या बुधवारी त्यांची नाशिकची फेरी हुकली होती, त्यांनी खिडकीतून पाहिलं. म्हणाले, 'तो मन्हा दादा शे. वळखी लिधं असं दाखाडू नका. त्याले जसं आवडस तसं भरा.' तुमचं जेवण होईपर्यंत आत चुलीजवळ बसतात. तुम्ही भरीत दुसऱ्यांदा मागवलं, तेव्हा खूप हसले."

हेमकांत, समोर काठोकाठ पेला होता, आणि दाराच्या पलीकडे, पंधरा पावलांवर, तू. मी उठून आत यावयास हवे होते. मी मफलर बांधला आणि राज्यसीमेवर उभ्या असलेल्या त्या स्थानकावर जाऊन, ज्या बाकाचा अर्धा भाग गुजरातेत आहे त्यावर बसलो. लाजेला तरी दोन राज्यांत विभागता येईल, अशी आशा होती. आली नाही ती विभागता.

गाडीत विचार करीत होतो. पेले भरण्याची ही खोड माझी जुनीच. तुझी शाळा मी निवडली, तुझे विषय मी निवडले, तू द्राक्षांकडे गेलास तर दोन वर्षे अबोला धरला, परत आलास तर उपाहारगृहाला नावही मीच दिले. तुझ्यासाठी वर थोडी जागा सोडावी, हे मला कधी सुचले नाही. त्यास मी प्रेम म्हणत होतो. होतेही ते. पण त्यातला वास उडून जात होता, हे मला वाढप्याकडून कळावे लागले.

तुझी वहिनी आता खांद्यावरून हे वाचते आहे. म्हणते, "तुम्ही संस्कृतमा लिखा नहीतर फारसीमा, पन माफी मांगानी शे हाई ध्यानमा ठेवा."

ध्यानात आहे. मी चुकलो. हे दोन शब्द, यांस संधी नाही, समास नाही, आणि लिहिण्यास तेरा महिने लागले.

१४ तारखेस पंचवीस मंडळी येतील. लोटनमामा येणारच; त्यांना नवे धोतर घेतले आहे. वडीलधाऱ्या स्त्रियांसाठी कोकम असावे. गुलाबबाईंनी भरीत करावे. रंजिताच्या हाती पहिला पेला तू द्यावास. मामांनी बाटली संपली का असे विचारलेच, तर वरची जागा कशासाठी असते हे त्यांना मी समजावीन, अन्वयासह.

आणि माझा पेला तिसरा हिस्साच भर. तू स्वतः. मी खाली बसलेला असेन.

तुझा,
आसनस्थ दादा