घरचा नळ शेवटी

आप्पा, तुम्ही गेलात आणि गावानं तुमचं काम माझ्या गळ्यात घातलं. भाऊ तिकडं दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात, दिवाळीला चार दिवस येतो तेवढाच. मी नवऱ्याच्या माघारी आईजवळ येऊन राहिलेली. सरपंच म्हणाले, "बाच्या मागनं हिंडलीयास की लहानपणापासनं, आता तूच सोड पाणी." दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नव्हतं हे काही त्यांनी सांगितलं नाही. आता सकाळी मीच लांब दांड्याची चावी घेऊन माळावरच्या टाकीशी जाते आणि एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवते. पाणी कमी आलं की मला शिव्या, गढूळ आलं की मला शिव्या. आणि वर प्रत्येक जण सांगणार, तुझा बा लय देवमाणूस. मी मान हलवते आणि पुढचा व्हॉल्व्ह गाठते.

तुमचं देवपण आमच्या घरात कसं शिजत होतं ते त्यांना कुठं ठाऊक! पाणी सोडायचं काम मिळालं त्याच साली तुम्ही आपल्या घराच्या नळाला वेगळा व्हॉल्व्ह बसवून घेतलात. का, तर पाणीवाल्यानं आधी स्वतःचं भरलं असं कुणी म्हणायला नको. सगळ्या आळ्या भरल्या, कुणाची हाक उरली नाही, की मग आपलं घर. पावसाळ्यात ते निभायचं. पण आपल्या जतकडं पावसाळा असतो किती? उन्हाळ्यात गावाचं पुरं होईतो टाकीचा तळ दिसायचा, आणि आई चुंबळ डोक्यावर ठेवून रानातल्या बोरवर निघायची. चुंबळीखालचे तिचे केस झडून गेले ते पुन्हा आलेच नाहीत. पदर कधी घसरू द्यायची नाही ती, लोकांना वाटायचं मर्यादा पाळते.

भाऊ झाला तेव्हाचं तुम्हाला आठवतं का? मला सगळं दिसतंय. आई बाजेवर आहे, अंगात ताप आहे, बाळाची लंगोटं कोपऱ्यात तशीच पडलीत, चुलीवर ठेवायला तांब्याभर पाणी नाही. तुम्ही चावी खांद्यावर घेऊन निघालात तेव्हा ती म्हणाली, "आवं, आज तेवढं आपलं आदी सोडा." तिनं तुमच्याकडं काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं. तुम्ही दारातच थांबलात. "लोकं काय म्हणत्याल?" म्हणालात आणि गेलात. मग मी कळशी घेऊन शेजारच्या काकूंकडं गेले. त्यांच्या दारात तुम्हीच सोडलेलं पाणी धो धो वाहत होतं. काकूंनी कळशी भरून आपल्या घरात आणून दिली आणि म्हणाल्या, "पाणीवाल्याच्या घरात पाणी न्हाई, काय बाई तरी!" आणि हसल्या. आईनं बाजेवरून हात जोडून त्यांचे उपकार मानले. आप्पा, बाप म्हणून तुमच्यावर मी पुष्कळ माया केली असेल, पण ते हात जोडणं मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आणि ऐका, तुमच्या सचोटीला फळ कसं आलं ते. गावात नवी योजना आली. नवी टाकी, नवे पाईप, दारोदार नवे नळ, जुनी लाईन बंद. त्या आठवड्यात मी आईला घेऊन मिरजेला दवाखान्यात होते. तिची पाठ आता सरळ होत नाही. डॉक्टरनं फोटो बघून विचारलं, आजींनी ओझी उचलली का फार? आजी म्हणाल्या, "न्हाई वं, पाणीच तेवढं." परत आलो तर आपल्या आळीचा चर बुजवलेला, काकूंच्या दाराशी नळ, आणि आपल्या दाराशी नुसती माती. पाईप तिथंच संपला होता. ठेकेदारानं विचारलं म्हणे, अजून एक घर राहिलंय, पाईप मागवू का? त्यावर आपल्याच आळीतल्या माणसांनी त्याला सांगितलं, "ऱ्हाऊ दे. पाणीवाल्याचं घर हाय त्ये. त्येंचं शेवटी आसतंय, त्यास्नी चालतंय." कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तुम्ही त्यांना इतकी वर्षं तेच तर शिकवलं होतंत! आपल्यालाही तहान लागते हे गाव साफ विसरून गेलं.

मी महिनाभर हेलपाटे घातले. "बघू", "करू", "पुढच्या टप्प्यात घेऊ." आई रोज कंबरेत वाकून काकूंच्या नळाची वाट धरायची, मी आणते म्हटलं तरी ऐकायची नाही. एके सकाळी काकूंच्या पायरीवर ती कळशीसकट पडली. तिला उचलून घरात आणलं, चावी कोपऱ्यात ठेवली आणि दाराशी बसून राहिले. व्हॉल्व्ह फिरवलाच नाही. दिवस वर आला तशी माणसं जमली. पोरीबाळी रिकाम्या घागरी घेऊन आल्या. सरपंच म्हणाले, "तुझा बा आसता तर त्यानं आसं केलं नसतं."

"म्हणून तर ही पाळी आली," मी म्हटलं.

आतून आई ओरडली, "गावाला तान्हेलं ठेवतीस व्हय गं? त्यास्नी काय वाटंल?" त्यास्नी म्हणजे तुम्हाला. बघा, पाठ मोडून घेतली तरी तिला धास्ती तुमचीच. तिच्या बाजूनं भांडत होते तर तीही माझी नव्हती. मला रडू आलं, पण जागची हलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाईप आला. महिनाभर नव्हता, तो आला! जोडणाऱ्यानं विचारलं, "तुमच्या नळाला येगळा व्हॉल्व्ह घालू का, पयल्यासारखा?" मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा दचकला.

पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा आई नळाशी बसली होती. घागर शेजारी, पण धारेखाली लावेना. पाणी सांडतंय, ती बघतेय. "लाव की गं," म्हटलं, तर मान वर करून विचारते, "सगळ्यांचं झालं का?" मी "झालं" म्हणाले, तेव्हा कुठं तिनं घागर सरकवली. झालं नव्हतं, आप्पा. आपली आळी सोडली तर अजून गावात कुणाकडंच पोचलं नव्हतं.

आता रोज मी आपल्या आळीचा व्हॉल्व्ह पहिला फिरवते. हक्कानं फिरवते, कुणाच्या बापाला भीत नाही. हे पत्र कुठं धाडायचं नाही म्हणून एवढं सांगते: फिरवायच्या आधी एकदा मागं वळून बघते, माळावर तुम्ही उभे आहात का ते.