हिरव्या टोपीवाला नक्की कोणाला बघतोय

२ जानेवारी, मंगळवार

नव्या वर्षाचा निश्चय: गॅरेटला कॉलेजच्या टीममध्ये घालायचंच. स्कॉलरशिपसकट. मे महिन्यात पोरगा हायस्कूल संपवतो, म्हणजे वेळ थोडा आहे. अख्ख्या इंडियानात बास्केटबॉलच्या जोरावर कॉलेजात गेलेला आमच्या कुंकेल घराण्यातला अजून एकही नाही. माझा चान्स होता, तो गुडघ्याने घालवला. गुडघ्याने आणि त्या वेळच्या कोचने. पण तो वारला, त्याच्याबद्दल वाईट लिहू नये.

दुसरा निश्चय: कोणावर विश्वास ठेवायचा नाही. हा दरवर्षीचाच आहे, पण यंदा पाळायचा.

गॅरेटला प्लॅन सांगितला. म्हणाला, बाबा, मी बेंचवर बसतो. म्हटलं, तू बसत नाहीस, तुला बसवतात. कोच डेंटनच्या मनात काय आहे ते मी शोधून काढतो. पोरगं मान खाली घालून पुन्हा ट्रॅक्टरच्या इंजिनाचं पुस्तक वाचायला लागलं. नम्र आहे. कॉलेजवाल्यांना नम्र पोरं आवडतात.

५ जानेवारी, शुक्रवार

होम मॅच. शुक्रवारी सहाला मुलींची, मग साडेसातला मुलांची. मी नेहमीसारखा सव्वासातला पोचलो. मुलींच्या वेळी जाऊन बाक झिजवण्यात अर्थ नाही. शिवाय सव्वासातला शाळेच्या कॅफेटेरियात गर्दी नसते, डुकराच्या मांसाचं टेंडरलॉइन सँडविच गरम मिळतं. आमची टेसा, गॅरेटची जुळी बहीण, तीही मुलींच्या टीममध्ये खेळते. बायको, ग्लेंडा, जाते तिच्या मॅचला. घरातलं एक माणूस गेलं की झालं.

स्टँडमध्ये अनोळखी इसम. डोक्यावर हिरवी टोपी, दक्षिणेकडच्या त्या मोठ्या कॉलेजची. मांडीवर पॅड. मी आत शिरलो तेव्हा भराभर लिहीत होता. मुलांची मॅच सुरू व्हायच्या आधी लिहिण्यासारखं काय असतं? पूर्वतयारी. म्हणजे खास एका पोरासाठी आलाय.

मॅच सुरू झाली आणि थोड्याच वेळात गडी उठून चालता झाला. गॅरेट अजून बेंचवरच. मग डोकं चालवलं. गुरांच्या लिलावाला मी बापाचं बोट धरून जायचो. ज्याला एखादी गाय खरोखर हवी असते तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. कठड्याला टेकून कॉफी पितो आणि ऐन वेळी कान खाजवतो, की झाला सौदा. टोपीवाल्याने दारातून जाताना कान खाजवला. मी स्वतः बघितलं.

रॉय बेल्चरनेही बघितलं असणार. त्याचा पोरगा डस्टिन टीममधले निम्मे शॉट एकटा मारतो. रॉय टीमला फुकट पिझ्झा का चारतो, हे गावात कोणी विचारत नाही.

७ जानेवारी, रविवार

संध्याकाळी फोन. एक बाई, आवाज गोड. टेसा आहे का? विचारलं, आपण कोण? म्हणाली, मी रूथ ऑल्ट, कॉलेजमधून बोलतेय. तेच कॉलेज, हिरव्या टोपीचं.

डाव लगेच लक्षात आला. पोराची आतली माहिती बहिणीकडून काढायची. झोपतो कधी, खातो काय, गुडघे कुरकुरतात का. टेसा भोळी आहे, सगळं सांगून मोकळी होईल. बोलायचं तर बापाशी बोला. म्हटलं, टेसा घरी नाही, आणि ठेवून दिला.

टेसा तेव्हा जिन्यात बसली होती. तिने विचारलं, बाबा, माझ्यासाठी होता का? म्हटलं, नाही. हे काही खोटं नाही. तिच्यासाठी नव्हताच.

१० जानेवारी, बुधवार

गॅरेट उजाडायच्या आत जिमला जातो. टेसाला बरोबर नेतो. चेंडू उचलून द्यायला कोणीतरी लागतंच. बहीण भावासाठी एवढं करते हे बघून बरं वाटलं. ग्लेंडाला तसं म्हणालो तर तिने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, व्हर्न, तुझ्याशी बोलायचंय. मी टेप बनवण्यात गुंतलो होतो. गॅरेटच्या गेल्या वर्षीच्या बास्केटची टेप. शॉट सुंदर आहे, पण ऐन वेळी कॅमेऱ्यासमोर माझा अंगठा आलाय. तरी चेंडू आत गेल्याचा आवाज येतो.

ग्लेंडाशी बोलायचं राहिलं.

१२ जानेवारी, शुक्रवार

टोपीवाला पुन्हा आला. आज बरोबर एक बाई, हिरवा कोट. मी शिरलो तेव्हा दोघं डोक्याला डोकं लावून काहीतरी ठरवत होती. मुलांचा वॉर्मअप सुरू झाला आणि दोघं उठली. माणसं पक्की आहेत. मॅचच्या दिवशी कॉलेजवाल्यांनी खेळाडूशी बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून गप्प. मीही गप्प. दारात समोरासमोर आलो तेव्हा नुसती मान हलवली. त्यानेही हलवली. समजणाऱ्याला तेवढं पुरे.

मॅच संपल्यावर कोच डेंटनला गाठलं. विचारलं, ही माणसं कोणासाठी येतात? हसला. म्हणाला, व्हर्न, लेका, कधीतरी सहाला येऊन बघ ना.

मी सहाला का यायचं? म्हणजे दीड तास आधीच बसून कंटाळावं, आणि साडेसातला डेंटन काय करतो ते कळू नये? रॉयचा पिझ्झा बोलतोय.

गॅरेट शेवटचं मिनिट खेळला. चेंडूला हात लागला नाही. जागा मात्र चांगली घेतली होती.

१४ जानेवारी, रविवार

पुन्हा फोनवर तीच बाई. म्हणाली, मागच्या रविवारी मीच फोन केला होता. म्हटलं, राँग नंबर. भाव वाढवायचा असेल तर ताणावं लागतं.

टेसाने पुन्हा विचारलं, फोन होता का. या पोरीला फोनचं काय एवढं पडलंय? एखादा मुलगा असेल. लक्ष ठेवायला हवं. जेवली नाही नीट.

१९ जानेवारी, शुक्रवार

टोपीवाला आला नाही. बाईही नाही. रॉय बेल्चर मात्र खुशीत. पार्किंगमध्ये माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, काय कुंकेल, घरात स्टार आहे तुमच्या, आणि तू असा तोंड पाडून? टोमणा होता. त्यानेच कॉलेजवाल्यांचे कान भरले असणार.

खरं लिहायचं तर घाबरलोय. जास्त ताणलं का? पण आता नमलो तर त्यांना कळेल.

२१ जानेवारी, रविवार

फोनचा प्लगच काढून ठेवला. सगळ्यांना कळू दे, कुंकेल घायकुतीला आलेला नाही.

ग्लेंडाला प्लग दिसला. मग बाकीचंही तिने माझ्याकडून काढून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, त्यांच्याकडे एकच जागा उरली आहे व्हर्न, ओहायोतली दुसरी मुलगी रांगेत आहे, आणि तू फोन आपटतोस? प्लग लावून ती फोनजवळ बसून राहिली, आणि शेवटी फोन आला. ती रूथ ऑल्ट, कॉलेजची कोच बाई, मंगळवारी घरी येणार आहे. मला बजावलंय, तोंड उघडायचं नाही.

ओहायोतली मुलगी कुठून आली ते कळलं नाही. ग्लेंडा रागात काहीही बोलते. मुद्दा असा की त्या घरी येताहेत. ताणल्याचा फायदा झाला.

२२ जानेवारी, सोमवार

तयारी. गॅरेटचे केस कापून आणले. टेप लावून ठेवली, बरोबर अंगठ्याच्या आधी. ग्लेंडा चिकन नूडल्स करतेय, बटाट्याच्या लगद्यावर घालून, आणि गोड म्हणून शुगर क्रीम पाय. टेसा सकाळपासून खोलीत. नखं खातेय म्हणे. भावासाठी एवढी काळजी.

गॅरेट गॅरेजमध्ये येऊन म्हणाला, बाबा, ऐका ना. ती टेसासाठी येतेय. म्हटलं, हळू बोल, बेल्चरांचं घर लांब नाही. तो म्हणाला, बाबा, मी डिझेल मेकॅनिक होणार आहे, मला हेच हवंय. म्हटलं, छान, उद्या असाच निर्विकार चेहरा ठेव.

तो वळला. मग दिवा बंद करून गेला. मी आतच होतो.

२३ जानेवारी, मंगळवार

रूथ ऑल्ट आली. हिरव्या कोटातली तीच. बरोबर टोपीवाला, घरात टोपी काढून. मी गॅरेटला पुढे केलं. बाईंनी त्याच्याशी हात मिळवला, म्हणाल्या, तू रोज सकाळी तिला चेंडू देणारा भाऊ ना? फार ऐकलंय तुझ्याबद्दल. आणि वळून टेसासमोर बसल्या.

टेप लावायला उठलो होतो. तसाच उभा राहिलो. ग्लेंडाने बाही ओढून खाली बसवलं.

सगळं टेसाबद्दल. टेसा अमुक, टेसा तमुक. जिल्ह्यात तिच्यासारखी पासिंग करणारी मुलगी नाही म्हणाले. मी टेसाकडे बघत होतो. माझ्यापेक्षा उंच झालीय. कधी झाली?

बाई म्हणाल्या, एक विचारू? मुलगी आम्हाला हवीच आहे, पण फोन उचलणारा माणूस तो तिला द्यायला तयार नव्हता. तिला सोडायची घरच्यांची इच्छा नसेल तर आत्ताच सांगा. आठवड्यात जागा भरायची आहे. टेसा ताटात बघत होती. ग्लेंडाने मला पायाने ढोसलं. मी म्हटलं, घरच्यांची इच्छा आहे. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

मग बाई हसून म्हणाल्या, प्रत्येक वडिलांना मी विचारते. तिच्या खेळातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?

मी म्हटलं, मेहनती आहे. त्या थांबल्या. अजून काहीतरी येईल म्हणून. टोपीवाला नूडल्स ढवळत होता. टेसा पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती, आणि मला काहीच सुचेना. माझ्याजवळ नव्हतंच काही.

गॅरेट बोलला. म्हणाला, ती पास देते त्या बाजूला बघत नाही. दुसरीकडे बघते, सगळे फसतात, आणि चेंडू बरोबर पोचतो. आणि हरत असलो की जास्त बोलते, म्हणजे बाकीच्या पोरी घाबरत नाहीत. खूप वेळ बोलला. एवढं बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. बाई मान डोलावत होत्या.

शुगर क्रीम पाय मी खाल्ला नाही.

२५ जानेवारी, गुरुवार

सुट्या भागांच्या दुकानात कामावर होतो, काउंटरवर. रॉय बेल्चर पट्टा घ्यायला आला. ट्रॅक्टरचा. हात पुढे करून म्हणाला, अभिनंदन, कुंकेल. पोरीने हो म्हटलं म्हणे कॉलेजला. पूर्ण स्कॉलरशिप. गावात पहिलीच.

मला वाटलं, फिरकी घेतोय. विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाला, डस्टिनने. टेसाने काल जिममध्ये सगळ्यांना सांगितलं, केक कापला. मग त्याला कळलं की मला माहीत नाही. पट्टा घेऊन गेला, सुटे न घेता.

घरी ग्लेंडाला विचारलं. म्हणाली, तिने काल मला आणि गॅरेटला सांगितलं. तुला ती स्वतः सांगणार होती, तू गॅरेजमध्ये होतास.

हेही खरं आहे. गॅरेजमध्ये होतो. टेप पुसत होतो.

२६ जानेवारी, शुक्रवार

सहाच्या मॅचला गेलो. ग्लेंडाची आज नर्सिंग होममध्ये ड्यूटी, म्हणून एकटाच. तिकीटवाली म्हणाली, व्हर्न, घड्याळ बंद पडलं का? तिच्या हातात पैसे ठेवले. नवा निश्चय आहे, कोणाशी भांडायचं नाही.

अगदी पुढच्या बाकावर बसलो. पोरी वॉर्मअप करत होत्या. टेसाने वळून बघितलं, मी दिसलो, आणि हातातला चेंडू सोडून ती धावत माझ्याकडे आली. मी उठलो. मला वाटलं, मिठी मारणार.

तोंड पांढरं पडलं होतं तिचं. म्हणाली, काय झालं? आई कुठेय?

म्हटलं, काही झालं नाही. आई कामावर आहे. म्हणाली, मग गॅरेटला काही झालं का? म्हटलं, नाही गं, सगळे ठीक आहेत. मॅच बघायला आलोय. तिने माझा चेहरा नीट बघितला. म्हणाली, बाबा, खरं सांगा.

शपथ घेतली. तरी पटेना. कोचला विचारून ऑफिसात गेली. काचेतून दिसत होती, फोन कानाला, नर्सिंग होमला लावला असणार. आईचा आवाज ऐकला, मगच बाहेर आली.

तोवर मॅच सुरू झाली होती. पहिली काही मिनिटं आमच्या टीमने तिच्याशिवाय काढली.