निळ्या काठाचं भांडं

ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप उत्तराआत्या,

तुला अनयाचा साष्टांग नमस्कार. (आजवर हा शब्द मी पत्रात नुसताच लिहीत आले. या वर्षी तो खरोखर घातला आहे, आठही अंगांनी आणि चिखलात. ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना आधी बरा पाय टाकतेस ना? खालच्या सुवर्णाकाकू तुझा कढीपत्ता अजून विचारून नेतात की आता न विचारताच? मी ठीक आहे. वजन वाढलंय, पण ते पायांतच वाढलंय असं अबोली म्हणते. (अबोली म्हणजे माझ्याबरोबर राहणारी नागपूरची मुलगी. तिच्या आईवडिलांनी नाव ठेवण्यात फार घाई केली.)

फ्रीमाँटच्या (म्हणजे इथून पार दूर, पश्चिम किनाऱ्यावरच्या) नोकरीचं बाबांनी तुला सांगितलं असेलच. प्रसाददादाच्याच कंपनीत जागा आहे, त्याने घरातली एक खोलीही माझ्यासाठी रिकामी केली आहे, आणि बाबांनी पुण्यात अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले आहेत. इकडे माझे प्रोफेसर म्हणतात, इथेच राहा, पीएचडी कर, या दलदलीचं काम अजून बरंच बाकी आहे. बाबांना दलदल हा शब्दच आवडत नाही. महिनाअखेरीस मला फ्रीमाँटला हो किंवा नाही कळवायचं आहे. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी सायकलीबद्दल लिहिते, कारण या सगळ्याला सायकल जबाबदार आहे, आणि तिच्या खालोखाल तू.

तू कशी, ते सांगते. बाबांची नोकरी होती त्या धरणाच्या वसाहतीत शाळा नव्हती म्हणून पाचवीपर्यंत माझी शाळा तूच होतीस. पाढे मी विसरले, पण तुझे नियम विसरता येत नाहीत. दारात गर्दी झाली तर आपण मागे थांबायचं, हा त्यातला एक. इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चार रस्ते मिळतात तिथे सगळ्यांनी थांबायचं असतं आणि जो आधी आला त्याने आधी जायचं असतं. मी सगळ्यांना जाऊ दिलं. परीक्षक बाईंनी चारही रस्त्यांकडे एकेकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "बाळ, आता कोणीच राहिलेलं नाही." मी म्हटलं, "ती लांबून एक येतेय ना." मी नापास झाले. आणि माझं काम तर गावापासून दहाबारा मैलांवर, दलदलीत पुरलेल्या नळ्यांमधलं पाणी दर शनिवारी मोजायचं. तेव्हा अबोलीने कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्यापुराण्याच्या विक्रीतून जाड टायरची एक सायकल उचलून आणली आणि म्हणाली, "हे घे, हिला लायसन लागत नाही. आता रडणं कॅन्सल कर यार."

आत्या, मिशिगनचं हे वरचं टोक तू एकदा बघायला हवंस. घाट नाही, चढ नाही, वळणसुद्धा क्वचितच. एक तळं संपतंय तोवर दुसरं लागतं, आणि मध्ये मैलोन् मैल पाणथळ माळ. वर गवत, खाली पाणी. पाय ठेवला की आसपासची सगळी जमीन गादीसारखी हलते. डोक्यावर कापसाचे पुंजके घेतलेलं गवत वाऱ्यात एकाच बाजूला झुकतं. माझ्या खांद्याएवढे करडे क्रौंच जोडीजोडीने चालतात, निवृत्त नवराबायको फिरायला निघावेत तसे, एक पुढे आणि एक कुरकुरत मागे. आणि या सगळ्याच्या मधून खडीचा रस्ता जातो, सरळ, जिथे आभाळ टेकतं तिथपर्यंत. डांबर नाही. ट्रक जाऊन जाऊन त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात आणि त्यांवरून जाताना दात आपोआप वाजतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, सायकलीचे सगळे स्क्रू एकदम निघणार. दुसऱ्या शनिवारी लक्षात आलं की मी गाणं म्हणतेय. (कापऱ्या आवाजात, पण तो रस्त्याचा दोष.)

आता साष्टांग नमस्कार. या रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा माणूस स्टिअरिंगवरचा हात न उचलता एक बोट फक्त वर करतो. तो इथला रामराम. अबोली म्हणाली, आपणही एक बोट वर करायचं, बस्स. पण त्या दिवशी समोरच्या पिकअपमध्ये पांढऱ्या केसांच्या सत्तरीच्या आजी होत्या, आणि वडीलधाऱ्या बाईला मी एक बोट दाखवावं हे मला पटेना. म्हणून मी नमस्कार केला. दोन्ही हात जोडून. सायकल खडीवर असताना.

दलदल फार मऊ असते, एवढं तिच्या बाजूने सांगते. पिकअप मागे येत थांबली. आजी खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रार्थना संपली, की मी थांबू?" मग दोर टाकून त्यांनी आधी सायकल काढली, नंतर मला. या इल्मा. यांचे आईवडील फिनलंडहून आलेले, नवरा गेलेला, तळ्याकाठी घर, कोंबड्या आणि ब्लूबेरीची झुडपं. त्यांनी मला अंगणात बागेच्या नळीने धुतलं, कॉफी पाजली आणि निघताना निळ्या काठाच्या पांढऱ्या इनॅमलच्या भांड्यात काठोकाठ ब्लूबेरी भरून दिल्या. एवढ्या मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी इल्माकाकू म्हणते. काकूचा अर्थ सांगितल्यापासून त्या फोनवर स्वतःच "काकू बोलतेय" म्हणतात.

तुला आता पुढचं कळलंच असेल. भांडं. तुझा दुसरा नियम: दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मी शंकरपाळे केले, पाठीवर बांधले आणि भांडं पोचवून आले. पुढच्या शनिवारी मी नळ्या मोजत होते तिथे इल्माकाकू आल्या, तेच भांडं घेऊन. आत धुरावलेला मासा. (मी खाल्ला नाही. अबोलीने तो प्रश्न उभ्या उभ्या सोडवला.) मग मी चकल्या नेल्या. पन्हळींनी त्यांचा भुगा केला. बेसनाचे लाडू नेले, तर रस्त्याने त्यांचं पुन्हा बेसन केलं. मी शरमेने झाकण उघडलं, त्यांनी चमच्याने चव घेतली आणि मान हलवली. भांड्यात जिरं घातलेला त्यांचा राय नावाच्या धान्याचा पाव आला, मग जॅम, मग अंडी. (अंडी खडीवरून घरी आणणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम आहे, पीएचडी त्याच्यापुढे काही नाही.) त्यातूनच मी सायकल शिकले असं म्हण. टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची, हँडल घट्ट आवळायचं नाही, चाकापुढच्या दगडाकडे न बघता लांब बघायचं. लांब बघण्यासारखं इथे इतकं आहे की हे सोपं जातं. कधीकधी इल्माकाकूही आपली गेअर नसलेली सायकल काढून बरोबर येतात. त्या पुढे, ताठ, एका हाताने माळाकडे दाखवत. मी मागे, दोन्ही हात हँडलवर.

पण आत्या, मला काळजी लागली. म्हटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला आपण दर आठवड्याला रांधायला लावतोय. हे थांबवायला हवं. म्हणून एकदा त्या मागे कोंबड्यांकडे असताना भांडं पायरीवर ठेवून (भरलेलं, अर्थात) मी पळ काढला. तुफान सायकल मारली. पकडली गेले, कारण माळावर दोन खडीचे रस्ते मिळतात तिथे थांबण्याची पाटी आहे आणि मी थांबले होते. चारही दिशांना क्षितिजापर्यंत कोणी नव्हतं. मागून फक्त इल्माकाकूंची पिकअप आली.

"पळतेस का?" त्यांनी खिडकीतून विचारलं. मांडीवर भांडं, आत गरम पाव.

मी सगळं सांगून टाकलं. नियम, तू, शंकरपाळे. त्या ऐकत राहिल्या आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकवून इतक्या हसल्या की हॉर्न वाजला आणि क्रौंच उडाले. त्यांच्या आईचाही अगदी हाच नियम होता. इकडे मी त्यांना सोडवायला बघत होते, आणि त्या तिकडे महिनाभर शेजारणीला विचारत होत्या की या मुलीचा अपमान न करता हे थांबवायचं कसं. "ते चौकोनी बिस्किट मला आवडतं," त्या म्हणाल्या. "पिवळं पीठ मात्र कोंबड्यांनी खाल्लं." आणि तरीही आत्या, पाव त्यांनी माझ्या हातात दिलाच, आणि तो मी घेतलाच.

असो. आता फ्रीमाँट. मी नीट विचार केला आहे. पगार चांगला, प्रसाददादा जवळ, बाबा खूश. तिथे फ्रीवे आहेत आणि मला गाडी येत नाही, पण शिकेन. तेव्हा येत्या शनिवारी मी भांडं परत करणार आहे, आयुष्यात पहिल्यांदाच रिकामं, कारण तसं केल्याशिवाय हे संपणार नाही. आणि मग हो कळवणार आहे. तू काळजी करू नकोस, गुडघा शेकत जा, आणि दोन नियम शिकवलेस त्याबद्दल मी रागावले नाही हे लक्षात असू दे.

तुझी (घरच्या शाळेतली एकुलती एक विद्यार्थिनी),
अनया

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, त्यामुळे शनिवारचं लिहिते. माळ सगळा तांबडा झाला आहे आणि क्रौंच थव्याने दक्षिणेला निघालेत. वाटेत मी बराच वेळ थांबले, आणि या वेळी पाटी नव्हती. इल्माकाकूंनी दारातच भांडं घेतलं, झाकण उघडलं, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "रिकामं मी घेत नाही. घेऊन जा." आणि दार लावलं. मग पुन्हा उघडून म्हणाल्या, "बर्फ पडला की टायर आणखी जाड लागतात. माझ्याकडे आहेत."

ता. क. २. खडीच्या रस्त्यावर फुटणार नाही असा एखादा पदार्थ कळव. शंकरपाळे सोडून, तेच तेच किती नेणार.

ता. क. ३. हे खरं तर पहिल्यांदा लिहायला हवं होतं. मी फ्रीमाँटला 'नाही' असं कळवून टाकलं. प्रसाददादाला मी सांगते, बाबांना तू सांग. फोनवर नको. भाऊबीजेला ते तुझ्याकडे मिरजेला येतील, तेव्हा ओवाळून झाल्यावर, पण ताटात ओवाळणी पडायच्या आत सांग, आणि ओवाळणी म्हणून हेच माग की नरू, ओरडू नकोस. ओरडलेच, तर त्यांना एवढंच म्हण की अनयाकडे दुसऱ्याचं भांडं आहे आणि ते रिकामं आहे. ते तुझे धाकटे भाऊ आहेत. हा नियम तू त्यांना माझ्या आधी शिकवला आहेस.