उंबऱ्यापाशी अडलेली गोष्ट

कलबुर्गी, ६ जुलै २०२५

ती. चन्नवीर मामांस शिवलीलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. मामींचं मांडीचं हाड जुळलं, डॉक्टर चाला म्हणतात, आणि मी बनवलेल्या वॉकरवर तुमचे टॉवेल वाळतात! दुकानदारही हेच सांगतात. लोक वॉकर नेतात आणि कोपऱ्यात ठेवतात. आमचे साहेब म्हणतात, रंग बदल. मला ते पटत नाही.

वस्तू कुणासाठी बनवायची त्याचं वर्णन आम्ही आधी लिहितो. मी लिहिलं होतं, 'स्त्री, वय सत्तर, चालण्यास त्रास.' तुम्ही जन्मभर कथा लिहिल्यात. हे वाचून तुम्हाला काय दिसतं, कळवा. रागावलात तरी चालेल.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची शिवलीला

बसवकल्याण, १२ जुलै

चि. शिवलीलास अ. उ. आशीर्वाद.

मला दवाखान्याची चिठ्ठी दिसली, माणूस दिसलं नाही. त्या बाईला आधी नाव दे. तिला कुठं जायचंय ते ठरव. नुसतं चालायचं म्हणून कुणी चालत नसतं गं. वाटेत काय आडवं येतं ते लिही, आणि मदतीची घाई करू नकोस. लेखकानं पात्राला कडेवर घेतलं की कथा मेली.

तुझी मामी खिडकीशी बसून असते. मी आणलेली भाजी शिळी म्हणून भांडते. तेवढंच बोलणं उरलंय. बाहेर चल म्हटलं की खिडकीकडं तोंड फिरवते. मला काळजी वाटायलीय.

मामावर लोभ असू दे.
चन्नवीर

कलबुर्गी, २० जुलै

ती. मामांस सा. न.

गोष्ट सोबत जोडली आहे. पार्वतीबाई घराबाहेर पडते आणि शेंगापोळ्या घेऊन शेजारणीकडं जाते. लिहिताना मध्येच अडले. दोन्ही हात वॉकरवर, मग डबा कशात नेणार? तिथंच गोष्ट थांबवून वॉकरच्या चित्रात टोपली जोडली. मामींनाही वाचून दाखवा.

आठवण ठेवा.
शिवलीला

बसवकल्याण, २७ जुलै

चि. शिवलीलास मल्लव्वा मामीचे आशीर्वाद.

तुझी गोष्ट वाचताना यांनी दोनदा चष्मा पुसला. मला राग आला, म्हणून मीच लिहायलेय. तुझी पार्वतीबाई लई गरीब स्वभावाची हाय. शेजारीण तर रोज येतीच की, मी कामून जाऊ? मला बाजारात जायचंय. एकटीला.

आन तू लिवलंस, पार्वतीबाई घराबाहेर पडली. कशी पडली गं? आमचा दगडी उंबरा तुला ठावं हाय. वॉकर उचलल्याबिगर पलीकडं जात न्हाई, आन उचलायला गेलं की माझा तोल जातो. मांडी मोडली तवा मी पडले ती तिथंच. दरवेळी यांना हाक मारायची, यांना ऐकू येत न्हाई. त्यापरीस खिडकी बरी. टोपली चांगली हाय, ऱ्हाऊ दे.

मनात राग धरू नको.
मल्लव्वा

कलबुर्गी, ३ ऑगस्ट

ती. मामींस सा. न.

राग कसला? ते वाक्य मी एका दमात लिहून पुढं गेले होते. आता रोज त्याच वाक्यात अडकून आहे. आमच्या हुमनाबादच्या कारखान्यात दारात तुमच्या उंबऱ्याएवढा दगड बसवून घेतला. साहेब आधी हसले, मग स्वतः वॉकर धरून अडखळले. चाकं मोठी करतेय, हाताशी ब्रेक देतेय. हँडल जरा दाबलं की पुढची चाकं वर चढतील. जमेपर्यंत पाठवणार नाही.

जीव लावत राहा.
शिवलीला

बसवकल्याण, १४ सप्टेंबर

चि. शिवलीलास अ. उ. आशीर्वाद.

नवा वॉकर आल्यापासून मामी दारातच सराव करायची. मी पाठीशी उभा राहिलो तर दूर व्हा म्हणायची.

आज वाचनालयातनं परतलो, तर दाराला बाहेरून कुलूप. शेजारीण कानाशी ओरडून म्हणाली, बाजारात गेल्यात, मागं कुणी यायचं न्हाई असं बजावून गेल्यात. तरी मी निघालोच होतो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलो आणि कट्ट्यावर बसलो. पात्राला सोडून द्यावं हे मी तुला किती सोपं करून लिहिलं होतं!

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती वळणावर दिसली. घामाघूम, दमलेली, मधेच थांबून कुणाशी तरी भाव करत. दारात आली आणि मला म्हणाली, पाय घ्या जरा वाटेतनं. कुलूप काढून, चाकं चढवून आत गेली.

मी अजून बाहेरच बसून हे लिहायलोय.

तुझ्यावरचा लोभ आज दुप्पट.
चन्नवीर मामा