पेन्सिलीने लिहिलेल्या चारशे बारा पत्रांची व्यवस्था

मी, आर्डिथ कोल्टरमन, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार हार्लन क्रॉसिंग, नेब्रास्का, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकात नसताना हे लिहून ठेवते. धाकात होते ती अठरा वर्षे, सिनेटर हॉलिस ब्रँडवेल यांच्या वॉशिंग्टनच्या कचेरीत टपाल पाहत होते तेव्हा.

१. घर व सामान भाची लॉर्ना हिला. तिची आई, माझी बहीण एड्ना, हिला काहीही नाही. ती मला ‘सिनेटरची शेपटी’ म्हणाली होती. खरे होते, म्हणूनच जिव्हारी लागले.

२. टाइपरायटर गावच्या हायस्कूलला. ‘आर’ अडकतो, सांभाळून घ्यावे.

३. पलंगाखालची हिरवी पेटी. हिच्यात १९४९च्या घरबांधणी विधेयकावर आलेली चारशे बारा पत्रे आहेत. लढाईवरून परतलेल्या जवानांची, कोंबड्यांच्या खुराड्यात संसार मांडलेल्या त्यांच्या बायकांची. सगळी विधेयकाच्या बाजूने, सगळी पेन्सिलीने लिहिलेली. दर शुक्रवारी बाजूची आणि विरोधातली पत्रे मोजून मी साहेबांपुढे आकडा ठेवत असे. साहेब म्हणाले, “पेन्सिलवाली धरू नकोस गं. ज्याला साधी शाई जमत नाही, तो कायद्यावर काय बोलणार?”

मी धरली नाहीत. आकडा निघाला, बाजूने एकोणसाठ, विरोधात तीनशे चार. विधेयक मंजूर झाले, पण साहेबांनी विरोधात मत दिले आणि आत्मचरित्रात लिहिले, ‘मतदारांनी सांगितले तेच केले.’ हे खोटे आहे आणि ते माझ्या हातून झाले. मला त्याची लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा गिल्बर्ट आला. “आर्डिथबाई, ती रद्दी बाबांच्या संग्रहालयाला द्या. आम्ही नीट लावू.”

“लावशील की, काडी!” मी म्हणाले. तो कॉफी न पिताच गेला.

पेटी राज्याच्या ग्रंथालयाला, या कागदाच्या नकलेसह द्यावी. गिल्बर्टने दावा लावला तर लॉर्नाने घर विकून लढावे.

४. माझ्या अंत्यविधीत पाद्रीबुवांनी माझे गुणगान करू नये. त्याऐवजी चारशे बाराही पत्रे नावगावासह मोठ्याने वाचावीत. लॉर्ना म्हणते, “मावशी, एवढा वेळ बसणार कोण?” लिहिणाऱ्यांची मुले बसतील, त्यांना कळवावे. गिल्बर्टला पहिल्या बाकावर जागा ठेवावी. तो उठून गेला तरी वाचन थांबवू नये. प्रत्येक पत्र संपले की साऱ्या चर्चला ऐकू जाईल असे म्हणावे, “बाजूने, एक.”

सही: आर्डिथ कोल्टरमन
आमच्यासमोर सही केली. साक्षीदार: ड्वेन श्लेगल, औषधविक्रेते, मिसेस थेल्मा ओकेसन, शेजारीण
हार्लन क्रॉसिंग, ९ ऑक्टोबर १९७८